मेंढा आहे तिथंच आहे

"उजवा हात सरळ वर?" अनुयानं विचारलं.

"मेंढा आहे तिथंच आहे. तू पुढे जा," विलासराव म्हणाले.

"दोन्ही हात आडवे?"

"त्यानं मान वर केलीय. तू हलू नकोस."

"आणि डोक्यावर हातांची फुली?"

"मेंढा गेला. परत ये."

"गुड." तिनं आपली नारिंगी टोपी काढली आणि वडिलांच्या डोक्यावर कानापर्यंत ओढून बसवली. "आता मला तू लांबून दिसशील."

विलासरावांनी टोपी जरा सैल केली. मग गेल्या दोन दिवसांपासून जिभेवर असलेला प्रश्न त्यांनी अखेर विचारला. "आणि धोका असला तर काय करायचं?"

"कसला धोका?"

"कसलाही. अस्वल आलं. दरड आली. तुझा पाय घसरतोय असं वाटलं."

"बाबा, देन तू दिवसभर तोच एक सिग्नल देत बसशील!" ती हसली. तिचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून तेही कसनुसं हसले. मग ती त्यांच्यासमोर उकिडवी बसली. "नीट ऐक. एकदा त्या खडकांत शिरले ना, की मला मेंढा दिसत नाही. वर दगड, खाली दगड. तिथून मला फक्त तू दिसतोस, ते पण बायनॉक्युलर्समधून. तू सांगशील ते मी करणार. सो डोन्ट गेस, ओके? दिसेल तेच सांग."

"ओके," विलासराव म्हणाले.

तिनं रायफल पाठीला अडकवली आणि उतारावरून ती अशी उतरत गेली, की बघणाऱ्यानं डोळे मिटून घ्यावेत. बघणारा एकच होता आणि त्याला डोळे मिटायची परवानगी नव्हती.

विलासराव आगाशे मूळचे नागपूरचे, म्हणजे जिथं टेकडी म्हटली की लोक संध्याकाळी फिरायला जातात तिथले. ऐंशीच्या सुमारास ते कॅनडात आले, एटोबिको उपनगरात वर्षभर एका तळघरात राहिले, आणि पहिली पक्की नोकरी मिळाली ती थेट उत्तर टोकाच्या युकॉनमध्ये, व्हाइटहॉर्सला. रस्ते खात्यात ते ड्राफ्ट्समन होते. घाटातल्या रस्त्यावर गाडी कुठून खाली जाऊ शकते ती जागा हेरायची आणि नकाशात तिथं कठडा काढायचा, हे काम त्यांनी निवृत्त होईपर्यंत केलं. इतकं मन लावून केलं, की त्यांच्या नकाशातले निम्मे कठडे वरचे साहेब खोडून टाकायचे. लिफ्ट, कुत्री, गोठलेली तळी आणि अवेळी वाजणारा फोन या सगळ्यांची त्यांना भीती वाटे. "यांना काळजी नसली तर चैन पडत नाही," असं त्यांची बायको माधवी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

आणि या माणसाच्या पोटी अनुया. शाळेत मुलांना शिकवायची आणि ऑगस्ट आला की शिकारीसाठी डोंगरात पसार व्हायची. वर्षाचं मटण फ्रीजरमध्ये आपल्या हातानं आणून टाकणाऱ्या लोकांत ती वाढलेली होती, तिला त्यात काही विशेष वाटत नसे. माधवी स्वतः खात नव्हती, पण मसाला वाटून द्यायची. दरवर्षी अनुयाबरोबर तिचा मित्र कॉलिन असायचा. दोन हजार नऊ साली त्याचा गुडघा निकामी झाला आणि अनुयानं जेवताना सहज सांगितलं, की यंदा मी एकटीच जाते.

त्यानंतर विलासरावांची झोप उडाली. ते उठायचे, पाणी प्यायचे, परत यायचे. शेवटी माधवी म्हणाली, "तुम्हीच जा तिच्याबरोबर. नाहीतर ती तिकडे डोंगरात असेल आणि तुम्ही इथं माझा जीव खाल." अनुयाला ही कल्पना चक्क आवडली. दुर्बिणीपाशी बसून खुणा करायला माणूस हवाच असतो, ती म्हणाली. तेवढं तर बाबा बसल्या जागी करेल.

म्हणून आता विलासराव डोंगराच्या एका उघड्या खांद्यावर, खडकाला पाठ टेकून, तिपाईवरच्या दुर्बिणीला डोळा लावून बसले होते. समोर अरुंद खोरं, तळाशी ओढा, पलीकडे करडा, फाटलेला, सरळ उभा डोंगर. त्याच्या वरच्या अंगाला गवताचा एक छोटा तुकडा होता आणि त्यावर पांढरा रानमेंढा पाय दुमडून बसला होता. शिंगांचा वळसा पुरा झालेला. तसा पुरा झालेला असेल तरच मारायची परवानगी असते. विलासरावांनी तो स्वतः तीनतीनदा पाहून खात्री केली होती. मेंढा डोळे अर्धे मिटून रवंथ करत होता. त्याला कसलीही काळजी दिसत नव्हती आणि याचा विलासरावांना रागच आला.

अनुया ओढा ओलांडून वर चढायला लागली. दुर्बिणीत ती बोटाएवढी दिसत होती. अधूनमधून ती थांबायची, वळून गळ्यातल्या दुर्बिणीतून त्यांच्याकडे पाहायची आणि विलासराव हात वर करायचे. मेंढा आहे तिथंच आहे. ती पुन्हा चालायला लागायची. दोनतीनदा असं झाल्यावर त्यांना जरा बरं वाटायला लागलं. आपण कामाचे आहोत, असं त्यांना मुलीच्या बाबतीत फार दिवसांत वाटलं नव्हतं. त्यांनी माधवीनं दिलेली तिखटमिठाची पुरीही खाल्ली.

मग ती कड्यावर आली.

कड्याच्या पोटातून एक पट्टी आडवी गेली होती, एका पावलाएवढी रुंद आणि बाहेरच्या बाजूला कललेली. खाली काही नव्हतं. पार ओढ्यापर्यंत काही नव्हतं. ही पट्टी पार केली की मेंढ्याच्या वरच्या बाजूला निघता येत होतं. अनुयानं छाती खडकाला लावली आणि ती आडवी सरकू लागली. विलासरावांनी मेंढ्यावरची दुर्बीण काढून तिच्यावर लावली. ही पहिली चूक. त्यांचं काम मेंढ्याकडे बघायचं होतं.

दुर्बिणीत तिचा बूट दिसला. बुटाची टाच पट्टीच्या बाहेर, हवेत. बुटाखालून एक दगड सुटला, उडाला आणि दिसेनासा झाला. आवाज आलाच नाही.  आयुष्यभर त्यांनी असल्या जागा कागदावर शोधून त्यांच्या कडेनं रेघ ओढली होती. इथं पोटची पोर त्या जागेवर उभी होती आणि रेघ नव्हती.

अनुया थांबली. तिनं एका हातानं दुर्बीण डोळ्यांना लावली आणि त्यांच्याकडे पाहिलं.

विलासरावांनी दोन्ही हात डोक्यावर नेले आणि फुली केली. मेंढा गेला. परत ये.

ती बराच वेळ पाहत राहिली. त्यांनी फुली तशीच धरून ठेवली. मग तिनं मान हलवल्यासारखं केलं आणि ती मागे सरकायला लागली. विलासरावांनी हात खाली घेतले. खरं सांगायचं तर त्यांना त्या क्षणी लाज वगैरे काही वाटली नाही. वाचलो, एवढंच वाटलं.

सवयीचीच गोष्ट होती. दुकान बंद झालं असं सांगून आपल्याकडे निम्मी पोरं वाढवतात, आणि विलासरावांचा तर त्यात हात कोणी धरला नसता. पोहण्याच्या तलावाची दुरुस्ती चालू आहे. स्केटिंगचे बूट तुझ्या मापाचे संपले. शाळेच्या कॅम्पची बस भरली. नाही म्हटलं की पोर रडते आणि वाद घालते. बंद आहे म्हटलं की गप्प बसते. कोणाचं नुकसान होत नाही आणि पोर घरी राहते.

त्यांनी दुर्बीण पुन्हा वळवली. मेंढा आहे तिथंच होता. अनुया पट्टीवरून सुखरूप बाहेर आली होती. आता ती आल्या वाटेनं परत येईल, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. पण ती आल्या वाटेनं येईना. ती घळीच्या तोंडाशी उभी राहून खाली बघत होती.

ही घळ कड्यापासून सरळ ओढ्यात उतरत होती, सुट्या दगडांनी भरलेली. जाताना अनुयानं ती टाळली होती, कारण घळीतला माणूस मेंढ्याला समोर दिसतो. पण मेंढाच नाही म्हटल्यावर लपायचं कोणापासून? घळीनं आलं की वाट निम्मी होते. विलासरावांच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. ते धडपडत उभे राहिले आणि दोन्ही हात आडवे करून जिवाच्या आकांतानं हलवू लागले. पण ती आता त्यांच्याकडे बघत नव्हती. बघायचं कारणच उरलं नव्हतं. ती घळीत उतरली, आणि वरून ढग आला.

तो कडा गिळत आला, मेंढा गिळला, घळ गिळली. दुर्बिणीत नुसतं पांढरं. विलासराव दुर्बीण फिरवत राहिले, सगळीकडे पांढरं. मग आवाज आला. आधी एक टकटक, मग खूप दगड एकदम ओतल्यासारखा घरघराट. तो बराच वेळ चालला आणि थांबला.

"अनुया!"

काही नाही.

"अनू! अनू गं!"

सॅटेलाइट फोन तिच्या पिशवीत होता, तंबू मैलभर मागे होता, आणि विचारायला मैलोगणती माणूस नव्हतं. विलासराव उतरायला लागले. कसे उतरले ते त्यांना पुढे कधी नीट सांगता आलं नाही. बसून उतरले, कधी पोटावर उतरले. ओढ्याचं पाणी कंबरेपर्यंत आलं आणि इतकं गार होतं की ओरडायला तोंड उघडलं तर आवाज फुटेना. सगळा वेळ ते स्वतःशी बडबडत होते. देवाला काय काय कबूल केलं त्याला सुमार नाही. पण देवाचं नाव घेतानाही मागून एक गोष्ट सारखी पुढे येत होती. तिला या घळीत मी उतरवलं. ती येत नव्हती, मी बोलावलं.

घळीच्या तळाशी येऊन त्यांनी पुन्हा हाक मारली. वरून, ढगातून, उत्तर आलं.

"बाबा? बाबा, डोन्ट कम स्ट्रेट अप! दगड सुटतायत. कडेनं ये. उजवीकडून."

जिवंत होती. विलासराव उजवीकडून चढू लागले. ढगाचा एक उपकार झाला. खाली किती खोल आहे ते दिसत नव्हतं.

ती घळीच्या मधे एका टप्प्यावर पालथी पडलेली सापडली. तिचा डावा बूट दोन धोंड्यांच्या सांध्यात अडकला होता आणि वळून बुटापर्यंत हात पोचत नव्हता. ओढून पाहिलं की वरचा धोंडा किरकिरत होता. रायफल खाली कुठंतरी गडगडत गेली होती. ओठ निळे पडले होते.

"दुखतंय?" विलासरावांनी विचारलं. त्यांच्यात आणि तिच्यात एक ओली, गुळगुळीत शिळा होती. उतरती.

"पाय हलतोय. मोडला नाहीये. पण मला लेस सोडता येत नाहीये."  मग ती जे म्हणाली ते त्यांनी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "बाबा, आय एम स्केअर्ड."

विलासराव शिळेवर बसले. पाय पुढे, तळवे मागे. आपल्याला भीती वाटत नाही, असं काही झालं नाही. उलट इतकी वाटली की दात वाजायला लागले. ते इंचाइंचानं सरकले. मधे एकदा ओली पँट शिळेवरून सटकली आणि ते घसरले, बुटाची टाच एका फटीत बसली म्हणून थांबले. तेव्हा त्यांच्या तोंडून 'आई गं' निघालं, आणि पालथ्या पडलेल्या अनुयाला त्याही स्थितीत हसू फुटलं. ते तिच्यापाशी पोचले. बधिर बोटांनी त्यांनी गाठ सोडली, नाडी प्रत्येक भोकातून ओढून काढली आणि पाय मोज्यासकट बाहेर घेतला. नडगी सोलवटली होती. पाऊल शाबूत होतं. धोंडा न हलवता त्यांनी बूटही हळूहळू वळवत बाहेर काढला, कारण त्याशिवाय ती चालणार कशी?

घळीच्या बाहेर, गवतावर आल्यावर दोघं एकमेकांना धरून बसली. ती लहानपणी बसायची तशी त्यांच्या काखेत शिरली होती. थोड्या वेळानं तिनं तोंड पुसलं आणि विचारलं, "कुठल्या बाजूला गेला?"

"कोण?"

"द रॅम, बाबा. खिंडीकडे गेला की मागे? जायच्या आधी त्यानं मला पाहिलं का? मला कळत नाहीये मी कुठं चुकले."

'खिंडीकडे' हा शब्द विलासरावांच्या ओठांवर आला होता. सांगितलं असतं तर तिनं मानलंही असतं. पण ती चूक शोधत होती, आणि स्वतःची शोधत होती. ते त्यांना सहन होईना.

"तो गेलाच नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"तो तिथंच होता. आत्ताही असेल. मी तुझ्या बुटाकडे बघत होतो. मला वाटलं तू पडशील. म्हणून मी... खोटं सांगितलं."

अनुया त्यांच्या काखेतून बाहेर आली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"ती पट्टी मी कॉलिनबरोबर दोनदा केलीय," ती म्हणाली. "मला ती येते. घळ येत नव्हती. मी घळ घेतली बिकॉज यू सेड ही वॉज गॉन."

"हो."

"लहानपणचं ठीक आहे. पोहायचा पूल बंद नसायचा, मला माहिती होतं. वर्गातली मेघन जायची ना रोज." तिनं नाक ओढलं. "मी चिडायचे नाही, कारण मला वाटायचं की बाबाला भीती वाटते, लेट हिम. पण इथं नाही, बाबा. तिथं वर मला दुसरं कोणी विचारायलाच नसतं."

 'सॉरी' हा शब्द त्या देशात पोस्टाच्या रांगेतही लोक एकमेकांना म्हणतात, तो विलासरावांना इथं वापरावासा वाटला नाही. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून जादा कोरडे मोजे काढून तिच्या पायात चढवले. तिनं चढवू दिले.

दुसऱ्या दिवशी आकाश लख्ख होतं. आता सामान बांधायचं, असं विलासराव धरून चालले होते. ते तंबूबाहेर आले तेव्हा अनुया सोलवटलेल्या नडगीवर पट्टी गुंडाळत होती. रायफल ती पहाटेच ओढ्याकाठून शोधून घेऊन आली होती. मेंढ्याला ऐकू जाऊ नये म्हणून डोंगराआड जाऊन एका दगडावर गोळी झाडून तिनं नेम तपासलाही होता. त्या आवाजानं त्यांना जाग आली होती आणि ते तंबूत डोळे उघडे ठेवून पडून राहिले होते.

"मी जातेय," ती म्हणाली. "तू बसलास तर बरं. पण बसायचं असेल तर खरं बसायचं. नाहीतर तंबूत थांब, मी तुझ्याकडे न बघता जाईन."

"न बघता?"

"मग मला अंदाजानं जावं लागेल."

त्यांनी टोपी उचलली आणि कानापर्यंत ओढली.

मेंढा त्याच गवतावर होता. दुर्बिणीत त्याच्या शिंगांवरच्या वळ्या दिसत होत्या, नाकपुड्यांतली वाफ दिसत होती. अनुया आज सावकाश चढली, एक पाय जपून. ती थांबली की विलासराव हात वर करायचे. ऊन वर आलं तेव्हा ती पट्टीच्या तोंडाशी पोचली.

आता त्यांनी दुर्बीण तिच्यावर लावली नाही. फार इच्छा झाली. नुसत्या डोळ्यांनी ती कड्यावरचा एक गडद ठिपका दिसत होती. दुर्बिणीत फक्त मेंढा होता, आणि विलासराव त्याच्याकडे पाहत होते, त्यानं उठावं म्हणून मनातल्या मनात त्याच्या पाया पडत होते. ऊठ रे बाबा. मान तरी वर कर. म्हणजे मला तिला थांबवता येईल, आणि खरं सांगून थांबवता येईल. मेंढ्यानं डोळे मिटले आणि जबडा हलवत राहिला.

ठिपका थांबला. ती पट्टीच्या मध्यावर होती, काल जिथं दगड सुटला होता तिथंच. काचेवर ऊन चमकलं. ती विचारत होती.

विलासरावांच्या छातीत इतकं धडधडत होतं की दुर्बिणीतला मेंढा हलल्यासारखा वाटला. त्यांनी नीट पाहिलं. तो हलला नव्हता, आपलाच डोळा हलला होता. त्यांनी पुन्हा एकदा पाहिलं. मग उजवा हात उचलला आणि सरळ वर धरला.

काच चमकायची थांबली. ठिपका पुढे सरकला, आणखी पुढे, आणि खडकाच्या कोपऱ्यामागे दिसेनासा झाला. तिकडून तिला आता ते दिसणार नव्हते. तरी त्यांनी हात खाली घेतला नाही. मेंढा अजून तिथंच होता. हात भरून आला तेव्हा त्यांनी डाव्या हातानं त्याला कोपराखाली आधार दिला आणि दुर्बिणीला लावलेला डोळा न काढता ते तसेच बसून राहिले.